पार्श्वभूमी : हातातल्या संगणकावरून फॅक्स का अडायचा?

फॅक्स यंत्रांची ‘ग्रुप ३’ पद्धत १९८० मध्ये ठरली. पानाची प्रत्येक ओळ १७२८ ठिपक्यांत मोडायची, दोन्ही यंत्रांनी सुरांतून बोलणी करून वेग ठरवायचा आणि मग पान सोडायचं. भानगड सुरू झाली ती संगणकाला मोडेम, म्हणजे त्याची माहिती फोनच्या सुरांत बदलणारं यंत्र, जोडल्यावर.

ही बोलणी करायची कुणी? त्याच्या वेगवेगळ्या पद्धतींना ‘क्लास’ म्हणत. क्लास १ मध्ये मोडेम फक्त सूर काढतो, बाकी सगळं संगणकावर. क्लास २ मध्ये बोलणीही मोडेमच करतो. पण क्लास २ चा मसुदा पक्का व्हायच्या आधीच कारखानदारांनी त्यावर बेतलेले मोडेम विकायला काढले. पुढे मंजूर झालेला नियम मसुद्याशी जुळेना, म्हणून त्याला नाव दिलं क्लास २.०. एका टिंबा-शून्यावर दोन वेगळ्या आज्ञावल्या! बाजाराची घाई झाकायला काढलेली ही पळवाट होती, आणि तिची किंमत गिऱ्हाइकाने मोजली. खोक्यावर ‘क्लास २’ छापलेलं, सॉफ्टवेअरमध्ये २.० निवडलेलं, मग फॅक्स जाणार कसा? ‘एटी+एफक्लास=?’ ही आज्ञा देऊन कुठले क्लास येतात ते मोडेमलाच विचारणं हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

१९९६ नंतरच्या पाम वगैरे हातात मावणाऱ्या छोट्या संगणकांना क्लास १ जड जाई. काही टप्प्यांमधलं अंतर ७५ मिलिसेकंदांच्या आसपास राखावं लागतं. १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर त्यात चुकला की समोरची शिट्टी ऐकू येई, पण पान न जाताच लाइन कट.

नाशकात अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून कोटेशन पाठवताना आणखी एक अडचण होती : ईपीबीएक्स, म्हणजे कारखान्याचं स्वतःचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज. बाहेरची लाइन मिळायला आधी शून्य, मग स्वल्पविराम, म्हणजे साधारण दोन सेकंदांचा थांबा. एक्स्चेंजची डायलटोन मोडेमला ओळखू येत नसेल तर ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिली की तो तिची वाट न पाहता नंबर फिरवतो. या दोन गोष्टी ठाऊक नसल्यामुळे कित्येक धडधाकट मोडेम बदनाम झाले.

मोबाइल आल्यावर कोडं पालटलं. जीएसएम या मोबाइल पद्धतीत फॅक्सचे सूर हवेतून जात नसत. हँडसेट नुसता डेटा देई आणि सूर काढी तो नेटवर्कमधला मोडेम, तोही सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने. कंपनीने सिमवर फॅक्स सेवा सुरू केलेली नसेल, तर बोलणं खणखणीत आणि फॅक्स मात्र बंद. निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्याने अशा वेळी संगणक आणि हँडसेट जोडणारी इन्फ्रारेडची खिडकी कितीही पुसली तरी उपयोग शून्य. पुढे आलेल्या जीपीआरएसने, म्हणजे मोबाइलवरच्या इंटरनेटने, यात काही सुधारलं नाही, कारण त्यावर फॅक्सचा कॉल लागतच नाही. सुटका झाली ती ईमेलवरून फॅक्स करून देणाऱ्या सेवांमुळे. क्लासची कटकट सर्व्हरवाल्याच्या गळ्यात गेली.

मराठी पत्राचं दुखणं मात्र निराळं होतं. पानाचं चित्र पाठवणारं यंत्र स्वतःच रंगवतं. त्यात देवनागरी फॉन्ट नसेल, तर मोडेम कुठल्याही क्लासचा असो, समोर कागदावर चौकोनच उमटत.