आधी माणसाला ऊब, मग केबिनला: घरी बांधलेल्या विमानातल्या हीटरची पार्श्वभूमी

"आठे कसाले हीटर, भाऊ?" धुळ्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माझा मित्र दोन सीटचं विमान बांधतोय. इंजिन आणि पायलट यांच्यामधल्या फायरवॉलला हीटरसाठी दोन इंची भोक पाडायचं की नाही, यावर त्याचं काम अडलं होतं, तेव्हा शेजारच्या वेल्डरने हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. पण याच खानदेशात ऐन हिवाळ्यात धुळ्याचा पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो आणि रावेर-यावलच्या केळीला चरका बसू नये म्हणून शेतकरी पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. धावपट्टीवर पहिलं इंजिन चालू होतं ते याच वेळेला.

वर गेल्यावर हवा दर हजार फुटांना साधारण २ अंशांनी थंड होते. आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटे मात्र उलटंही घडतं. रात्रभर जमीन थंडावते, तिला चिकटलेली हवा गारठते आणि काहीशे फुटांवरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. चुलीचा धूर गावावर आडवा पसरून राहतो, तो यामुळेच. म्हणजे इथल्या वैमानिकाला सर्वांत जास्त थंडी वाजते ती उड्डाणाआधी आणि उड्डाणानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. हीटर निवडताना ही गोष्ट विसरून चालत नाही, कारण हीटरचा सगळा इतिहास आपल्यापेक्षा कितीतरी थंड मुलखांत घडला आहे.

सुरुवातीच्या विमानांना केबिनच नव्हती. मग गरम करायचं काय? माणसाला. चामड्याचे कोट, लोकरीचे अस्तर, चेहऱ्याला चरबी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलातला सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक इंजिनावर काम करताना घातलेल्या तेलकट डगल्यातच उडाला. उतरल्यावर बाकीचे कुडकुडत होते, त्याला मात्र थंडी वाजली नव्हती. तेल आणि ग्रीस मुरलेल्या कापडातून वारा आत शिरत नव्हता. त्यावरून १९१७ मध्ये त्याने 'सिडकॉट' हा अंगभर सूट बेतला. त्याच युद्धात विजेच्या तारा विणलेले कपडेही आले. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बरमधले तोफची पंचवीस हजार फुटांवर, उणे ४० अंशांत, अशाच विजेच्या सूटवर तग धरत. तार तुटली की बोटं हिमदंशाने जायची.

घरी विमान बांधणाऱ्यांची परंपराही उघड्या कॉकपिटातच वाढली. अमेरिकेत मिनेसोटासारख्या बर्फाळ राज्यात बर्नार्ड पीटेनपोलने १९२९ मध्ये फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवून 'एअर कॅम्पर' उडवलं, तेही उघडंच. १९५३ मध्ये मिलवॉकीत पॉल पोबेरेझनी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली आणि या छंदाला संघटना मिळाली. पुढे १९७० च्या दशकापासून वेगवान, बंद काचेची, लांबचा पल्ला गाठणारी विमानं गॅरेजमध्ये बनू लागली, तेव्हा कुठे घरच्या कारागिराला केबिन गरम करण्याचा विचार करावा लागला.

उत्तर इंजिनातच होतं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा पंख्याला मिळतो, बाकीची एक्झॉस्टमधून आणि सिलिंडर थंड ठेवण्यात वाया जाते. जुन्या एस.टी.त ड्रायव्हरशेजारचं बॉनेट ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावायला नको. थंडीत पहाटेच्या गाडीला त्या बॉनेटजवळची जागा पटकवायला झुंबड असायची आणि उन्हाळ्यात तिथे कोणी पाय ठेवत नसे.

ही वाया जाणारी ऊब उचलण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपाला किंवा सायलेन्सरला स्टेनलेसचं पत्र्याचं आवरण घालायचं. पुढून आलेली ताजी हवा त्या फटीतून फिरवायची आणि नारिंगी सिलिकॉनच्या पाइपाने केबिनमध्ये सोडायची. याला 'हीट मफ' म्हणतात. स्वस्त, हलकं आणि पुरेसं गरम, म्हणून छोट्या विमानांत आजही हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. त्याचा धोकाही त्याच जागी आहे. सातशे-आठशे अंशांच्या वायूत आणि माणसाच्या श्वासात फक्त एका पत्र्याचं अंतर असतं. तो पत्रा वेल्डजवळ तडकला की कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. दार लावून पेटवलेल्या शेगडीने किंवा बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. वायू तोच.

२१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर मालिबूतून निघाला होता ते इंग्लिश खाडीत कोसळलं. त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ५८ टक्के निघालं आणि वैमानिकालाही बाधा झाली असावी, असा ब्रिटिश तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९८२ ते २०२० या काळातले या वायूमुळे झालेले ३१ अपघात मोजले. त्यांत ४२ जण गेले. २०२२ मध्ये तिने छोट्या विमानांत हा वायू ओळखणारे डिटेक्टर सक्तीचे करा, अशी शिफारस केली. मला हे आकडे लहान वाटत नाहीत. यातले बहुतेक मृत्यू एका पाचशे ग्रॅमच्याही आतल्या उपकरणाने टळले असते.

हीट मफ टाळून ऊब आणायचे इतर मार्गही आहेत. १९३५ च्या डीसी-३ मध्ये सुरुवातीला एक्झॉस्टवर पाणी उकळून वाफेने केबिन गरम करत. दोन इंजिनांच्या विमानांत इंजिनं पंखांवर, माणसांपासून लांब, म्हणून तिथे वेगळं पेट्रोल जाळणारे हीटर आले. त्यांची तपासणी कडक असते आणि घरगुती विमानात ते वजनाला भारी पडतात. १९८९ ला आलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाने घरच्या कारागिरांना नवा रस्ता दिला. त्याच्या सिलिंडरची हेड्स, म्हणजे वरची झाकणं, पाण्याने थंड होतात, त्यामुळे कारच्या डॅशबोर्डखाली असतो तसा छोटा रेडिएटर लावून गरम पाण्याची ऊब घेता येते. एक्झॉस्टशी संबंध नाही. मात्र जोड वाढतात, आणि होज सुटला तर उकळतं कूलंट पायांवर येतं.

विजेचा हीटर? घरातला रूम हीटर दोन हजार वॅट खातो. रोटॅक्स ९१२ चा अंगचा जनरेटर अडीचशे वॅटच्या आसपास देतो आणि त्यावर रेडिओ, दिवे, पंप सगळं चालवायचं. केबिनसाठी ते अशक्य आहे. पण जाकिटाला ते पुरतं. पन्नास-साठ वॅटमध्ये छाती-पाठ उबदार राहते.

खानदेशासाठी विचार केला की या इतिहासाचं वजन बदलतं. इथे हीटर वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने, तेही सकाळीच लागतो. उरलेले महिने तो घट्ट बंद राहणं जास्त महत्त्वाचं. गरम हवा आत सोडणारी फायरवॉलवरची झडप थोडीही गळकी असली तर मे महिन्यात तीच केबिन भट्टी होते. झडपेचा डबा अ‍ॅल्युमिनियमचा नको, पोलादी हवा, कारण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि इंजिनाला आग लागली तर तेच भोक आगीची वाट ठरतं. शिवाय झडप बंद असताना मफमधली हवा बाहेर सोडायची सोय हवी, नाहीतर मफ तापत राहतो.

धुळ्याला या कामाची सवय आहे. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात गाजलेलं सहा आसनी विमान चाचण्यांसाठी धुळ्यालाच आलं होतं.

मित्राने शेवटी भोक पाडलं नाही. पंखाच्या सांध्यातल्या आणि शेपटीकडच्या फटी आधी बुजवल्या, कारण उडताना केबिनमधला दाब कमी होतो आणि थंड वारा त्या फटींतूनच आत ओढला जातो. एक्झॉस्टचा वायूही त्याच वाटेने येऊ शकतो, हीटर असो वा नसो. म्हणून डिटेक्टर पॅनेलवर डोळ्यांसमोर बसवला. मर्यादा ठरलेली आहे: हवेच्या २० हजार भागांत एक भाग, म्हणजे ५० पीपीएम. जाकिटासाठी सीटजवळ एक सॉकेट काढलं.

परवा आम्ही त्याचा एक्झॉस्ट तपासला. व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून पाइपात हवा भरली आणि वेल्डवर साबणाचं पाणी फवारलं. एका कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, बारीक बुडबुडे आले. वेल्डरने काही न बोलता पाइप उतरवून घेतला.