प्रकाराचे नाव विचारण्याची सोय

मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांतील पावसाच्या नोंदी 8 प्रक्रियांना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमांना, वाटून दिल्या आणि सर्वांची बेरीज एकीकडे गोळा करायची ठरवली, तर ते काम प्रक्रियांमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या एमपीआय या लायब्ररीने सहज होते. मात्र निरोप पाठवताना त्यात किती घटक आहेत याबरोबरच ते कोणत्या प्रकारचे आहेत, हेही तिला सांगावे लागते, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. धाराशिवच्या प्रक्रियेने 12.5 मिलिमीटर हा पाऊस एक ‘एमपीआय_डबल’ (8 बाइटांची दशांश संख्या) म्हणून पाठवला आणि घेणाऱ्या प्रक्रियेने चुकून दोन ‘एमपीआय_इंट’ (प्रत्येकी 4 बाइटांचे पूर्णांक) मागितले, तर दोन्हीकडे 8 बाइट भरतात. एमपीआयच्या प्रमाणकानुसार, म्हणजे अधिकृत नियमावलीनुसार, ही चूकच आहे, तरी पुष्कळदा कोणतीही तक्रार न होता आपल्या नेहमीच्या संगणकावर 0 आणि 1,07,64,28,800 हे दोन आकडे हाती पडतात.

अशा वेळी प्रकार छापून पाहावा असे वाटणे साहजिक आहे; पण सी भाषेत प्रकाराच्या चलात नाव नसते, असते ते केवळ हँडल, म्हणजे त्या प्रकाराकडे बोट दाखवणारी खूण. एमपीआयसीएच या एमपीआयच्या एका अवतारात ते पूर्णांक असते, तर ओपन एमपीआय या दुसऱ्या अवतारात स्मृतीतला पत्ता, आणि दोन्ही वाचून माणसाला काही उमगत नाही. ही अडचण 1997 च्या एमपीआय-2 प्रमाणकातील ‘एमपीआय_टाइप_गेट_नेम’ या फंक्शनने दूर केली. तिला हँडल आणि अक्षरांसाठी राखलेली जागा द्यावी, म्हणजे ती नाव व त्याची लांबी परत करते. अंगभूत प्रकारांना स्वतःचेच नाव असते. तालुका क्रमांक आणि पाऊस जोडून आपण बनवलेल्या प्रकारासाठी मात्र कोरी ओळ येते, कारण त्याचे नाव ‘एमपीआय_टाइप_सेट_नेम’ने आपणच ठेवायचे असते. मला ही सोय फार मोलाची वाटते, कारण त्रुटीच्या संदेशात ‘पर्जन्यनोंद’ हा शब्द दिसला की शोध निम्म्यावर येतो.

हे नाव ठेवणे त्या-त्या प्रक्रियेपुरतेच असते. लातूरच्या मोंढ्यात एका आडत्याने आपल्या वहीत केलेली खूण शेजारच्या आडत्याच्या वहीत आपोआप उमटत नाही, तसेच हे आहे. नाव ठेवणारी ओळ फक्त शून्य क्रमांकाच्या प्रक्रियेसाठी लिहिली, तर उरलेल्या सातही जणी कोरी ओळच परत करतील.

नावासाठी सी भाषेत किमान 64 बाइटांची जागा मिळते आणि त्यातला एक नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी जातो. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, म्हणून काना, मात्रा आणि हलन्त धरून 21 चिन्हांत नाव बसवावे. ‘पर्जन्यनोंद’ला त्यातली 11 पुरतात.