कॉपरटोन : बाटलीवरचं नाव आणि कातडीचा रंग

अमेरिकन लेखनात समुद्रकिनारा आला की पाठोपाठ बरेचदा 'कॉपरटोनचा वास' येतो. वाळू, ओले टॉवेल, कुणाचा तरी रेडिओ आणि हवेत कॉपरटोन. तिथल्या वाचकाला एवढं पुरतं. पहिल्या पावसाचा वास म्हटलं की आपल्याला जून महिना सांगावा लागत नाही, तसंच ते. पण हाच शब्द एखाद्याच्या कांतीचं वर्णन करतानाही भेटतो, आणि 1960च्या दशकातल्या अमेरिकन स्वयंपाकघराबद्दल वाचायला घेतलं तर चक्क फ्रिज कॉपरटोन असतो. उन्हात लावायच्या एका लोशनचं नाव फ्रिजपर्यंत गेलं कसं?

मुळात युरोप-अमेरिकेत उन्हाने रापणं हे फार काळ शेतमजुराचं लक्षण होतं. घरंदाज बायका छत्री, हॅट, हातमोजे घालून बाहेर पडत. कारखाने आले, मजूर छपराखाली गेला आणि पांढराफटक पडला. पैसेवाले दक्षिण फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावर सुट्टीला जाऊ लागले. मग तांबूस कातडी म्हणजे सवड आणि पैसा, असा उलटा हिशोब सुरू झाला. याचं श्रेय 1920च्या दशकातल्या फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलला देतात. ती तेव्हा उन्हाने तांबूस होऊन परतली आणि फॅशन सुरू झाली, असं सांगतात. एका बाईने सगळं बदललं हे जरा जास्तच सोयीचं वाटतं, पण काळ बरोबर आहे. मराठीतलं 'रापणं' मात्र अजून शेताच्या बांधावरच उभं आहे. 'सुट्टीत छान रापून आलास' असं आपण कौतुकाने म्हणत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक उन्हापासून बचावासाठी एक लालसर, चिकट पेट्रोलियम जेली अंगाला फासत. जनावरांच्या औषधात वापरली जाणारी ही वस्तू, म्हणून बोलीत तिचं नाव 'रेड व्हेट पेट'. काम करायची, पण कपड्यांना लागायची आणि अंगावर थर बसायचा. बेंजामिन ग्रीन नावाच्या, वैमानिक राहिलेल्या मायामीच्या औषधविक्रेत्याने कोको बटर आणि जाईसारखा सुगंध वापरून अंगाला लावावंसं वाटेल असं क्रीम केलं आणि 1944मध्ये ते विकायला आणलं. घरच्या चुलीवर शिजवून त्याने ते स्वतःच्या टकलावर लावून पाहिलं, असं सांगतात. त्या गोड वासाने पुढे इंग्रजीत आपली स्वतंत्र जागा केली.

नाव ठेवताना त्याने काय निवडलं पाहा. ऊन, बचाव, पडदा यातलं काहीच नाही. 'कॉपर' म्हणजे तांबं, 'टोन' म्हणजे छटा. गिऱ्हाइकाला बाटली नको होती, तिने येणारा रंग हवा होता. तोच बाटलीवर लिहिला. सुरुवातीच्या जाहिरातीत मूळनिवासी अमेरिकन सरदाराचं डोकं आणि खाली 'पेलफेस राहू नका', म्हणजे पांढऱ्या तोंडाचे राहू नका, अशी ओळ होती. आज ती छापायला कुणी धजणार नाही. 1953च्या सुमारास चिमुरडी आली: कुत्रं तिची चड्डी मागून ओढतंय, आणि रापलेल्या पाठीखाली पांढरी कातडी दिसतेय. जॉयस बॅलंटाइन ब्रँड या चित्रकर्तीने 1959मध्ये आपल्या लहान मुलीवरून ते चित्र नव्याने काढलं. तेच लोकांच्या डोक्यात बसलं. कपडा जरा खाली सरकला की 'कॉपरटोन गर्ल' म्हणून चिडवणं तिथूनच आलं.

आपल्याकडे झेरॉक्स किंवा डालडा झालं, तसं याचं झालं नाही. ती नावं वस्तूला चिकटली. इथे नावातच रंग होता, म्हणून शब्द विशेषण होऊन निसटला. अ‍ॅव्होकाडो हिरवा आणि हार्वेस्ट गोल्ड यांच्या रांगेत फ्रिज-ओव्हनचा तपकिरी रंग कॉपरटोन म्हणून विकला गेला. इंग्रजीत मोठा सी म्हणजे कंपनी, लहान सी म्हणजे रंग, असा भेद छापताना करता येतो. देवनागरीत ती सोय नाही.

पुढे ऊनच संशयित ठरलं. 1974मध्ये ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटरने एसपीएफ, म्हणजे लोशन उन्हापासून किती बचाव करतं ते सांगणारा आकडा, रुळवला. 1978मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असली लोशनं औषध म्हणून तोलायला सुरुवात केली, आणि 2011मध्ये तर 'सनब्लॉक', 'वॉटरप्रूफ' हे शब्द लेबलावरून काढायला लावले, कारण ते नको तेवढा भरवसा देतात. 'सनटॅन लोशन' म्हणणारी पिढी म्हातारी झाली. नातवंडं 'सनस्क्रीन' म्हणतात. 2019पासून कॉपरटोन हे नाव निव्हियाच्या मालक कंपनीकडे, जर्मनीच्या बायर्सडॉर्फकडे आहे. बाटलीवर आता एसपीएफ 50 असतं, म्हणजे वरचं नाव जे देऊ म्हणतं तेच खालचा आकडा अडवतो.

भाषांतर करताना ही सगळी गुंतागुंत अंगावर येते. कांतीसाठी 'तांबूस' बरं चालतं, फ्रिजसाठी 'तांब्याच्या रंगाचा'. वासाच्या वाक्यात मात्र मी 'कॉपरटोन' तसंच ठेवते. तिथे 'सनस्क्रीन' लिहिलं तर 1955च्या किनाऱ्यावरची ती बाई ऊन अडवायला बसली आहे असं वाटेल, आणि ती तर रंग चढावा म्हणून दुपारभर उताणी पडलेली असते.