जखमी किंवा मेलेला गरुड सापडला तर: नाशिक जिल्ह्यात कुठे कळवायचं, तक्रार कशी द्यायची, शिक्षा किती

गेल्या फेब्रुवारीत निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत सापमार गरुड अडकला होता. घड पाखरांपासून वाचवायला बागेवर जाळी टाकलेली असते, त्या जाळीत. उंदराच्या मागे खाली उतरला असणार. घुबडासारखं गोल डोकं, पिवळेधमक डोळे, आणि डाव्या पंखात नायलॉनचा धागा इतका रुतलेला की तो जितका फडफडे तितका पीळ घट्ट होई. बागमालकानं डोक्यावर उपरणं टाकलं तसा तो एकदम शांत झाला. मग त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "दादा, आता माझ्यावर केस होणार का?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, आणि याच भीतीपोटी इतके पक्षी गुपचूप बांधावर पुरले गेलेत, की एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

कायदा कशाला शिकार म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 हा मुख्य कायदा. 2022 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. सहा अनुसूचींच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांच्या, जागी आता चार आहेत. पहिली सर्वाधिक संरक्षणाची. सापमार गरुड, तुरेवाला सर्पगरुड, मोरघार हे आपल्याकडचे गरुड पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडंही त्यातच. आपल्या डोक्यावर रोज घिरट्या घालणारी साधी घारसुद्धा संरक्षित आहे. "ती काय, घारच आहे" असं म्हणून सुटका नाही.

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. कायद्याची व्याख्या त्याहून फार रुंद आहे. मारणं, विष घालणं, फासा किंवा जाळं लावून पकडणं, आमिष ठेवणं, जखमी करणं, शरीराचा भाग काढून घेणं, या साऱ्याला कायदा शिकारच म्हणतो. पक्ष्यांच्या बाबतीत तर अंडी फोडणं, एवढंच काय, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणंही त्यात आलं. म्हणून शहरात वडाची फांदी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात असली तरी फांदीवर गरुडाचं घरटं असेल तर ते पाडायची परवानगी त्या कागदात नसते. तेव्हा आधी वन विभागाला कळवा. पिल्लं उडेपर्यंत थांबणं हाच खरा मार्ग आहे.

स्वतःचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे. कोंबडीची पिल्लं वाचवण्यासाठी गरुड मारला, हा बचाव मात्र त्यात बसत नाही. खुराड्यावर जाळीचं छत टाका, खर्च फार येत नाही.

मेलेला पक्षी कुणाचा?

हे बहुतेकांना माहीत नसतं. कलम 39 प्रमाणे मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता आहे. तो तुमच्या ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. परवानगीशिवाय तो ठेवणं, नष्ट करणं हेच उल्लंघन. म्हणजे घाबरून पुरून टाकणारा माणूस स्वतःला वाचवत नाही, उलट अडकवतो. नख, पीस, अंडं, घरटं यांनाही हे लागू आहे. ताईतात घातलेलं नख "आजोबांच्या वेळचं आहे" असं सांगून भागत नाही. जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी 2003 च्या नियमांनी 180 दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली.

बागमालकांना मी हेच सांगितलं: लगेच कळवा आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवा. अपघातानं अडकलेला पक्षी स्वतःहून कळवणाऱ्यावर गुन्हा दाखल झाल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

फोन कुणाला, आणि तोवर काय

वन विभागाचा टोल फ्री क्रमांक 1926. तो लागला नाही तर पोलिसांचा 112. नाशिक जिल्ह्यात वन विभागाचे पूर्व आणि पश्चिम असे प्रादेशिक विभाग आहेत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, सिन्नर हा भाग पश्चिमेकडे, येवला आणि निफाडचा भाग पूर्वेकडे. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत घटना घडली तर वन्यजीव विभाग. हद्द कळत नसेल तर त्यात वेळ घालवू नका, 1926 वर गावाचं नाव आणि गट नंबर सांगा.

पक्षी जिवंत असेल तर अंधार आणि शांतता ही त्याची पहिली औषधं. डोक्यावर सुती कापड टाका. भोकं पाडलेल्या खोक्यात तळाशी पोतं अंथरून ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. खायलाही घालू नका. चोचीपेक्षा पंजे जपा, गरुडाचा खरा वार पायाचा असतो. जाळी किंवा मांजा पक्ष्याच्या अंगावरून ओढून काढू नका, भोवतीनं कापा आणि अंगातला गुंता तसाच पशुवैद्यकाकडे जाऊ द्या. संक्रांतीच्या दिवसांत येवला-नाशिकला नायलॉन मांज्यानं पंख चिरलेल्या घारी सापडतात, तेव्हाही हेच. या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच बंदी घातली आहे, त्यामुळे मांजाचा तो तुकडा पुरावा असतो. फेकू नका.

पक्षी मेलेला असेल तर हात लावू नका, हलवू नका. विषाचा संशय असेल तर शेजारी पडलेलं मांस, पिशवी, बाटली, मेलेलं कुत्रं, जे काही असेल ते जागेवरच राहू द्या. माझ्या पाहण्यात प्रकरणं कमकुवत झाली ती इथेच. कायदा कडक आहे, पण पंचनामा होण्याआधी कुणीतरी पक्षी उचलून चौकात आणतं, फोटो काढतं, आणि मग तो नेमका कुठे पडला होता हे सांगणारा कागदच उरत नाही.

लेखी तक्रार

तक्रार कुणीही करू शकतो. तुम्ही शेतमालक असायला हवं, संस्थेचे सभासद असायला हवं, अशी अट नाही. शुल्क नाही. ठराविक छापील नमुनाही लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहा. अर्ज मा. वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्या नावे. मजकूर असा पुरतो:

"दिनांक अमुक, सकाळी अमुक वाजता, मौजे अमुक, गट क्रमांक अमुक येथे बांधालगत एक गरुड मृतावस्थेत दिसला. शेजारी मांसाचे तुकडे होते. मी कशालाही हात लावलेला नाही. अमुक वाजता 1926 वर कळवले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये पंचनामा व शवविच्छेदन करून गुन्हा नोंदवावा."

जे पाहिलं तेवढंच लिहा. शेजाऱ्यावर संशय असेल तर "संशय आहे, कारण अमुक" असं लिहा, "त्यानेच मारला" असं नको. सोबत फोटो, ओळखपत्राची प्रत आणि पाहणाऱ्या आणखी कुणाचं नाव. फोटो मूळ फोनमध्ये तसेच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतून वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते, आणि कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फोनवालाच नीट देऊ शकतो. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

यानंतरचं काम खात्याचं. वनरक्षक किंवा वनपाल पंचनामा करतात, वनगुन्हा नोंदवला जातो, त्या प्राथमिक गुन्हा अहवालालाच कर्मचारी पीओआर म्हणतात. त्याचा क्रमांक मागून घ्या. पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतात, विषाचा संशय असला की व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत जातो. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं आरोपीसमोर नोंदवलेली साक्ष पुढे खटल्यात ग्राह्य धरता येते, म्हणून त्यांनी बोलावलं तर जबाब द्यायला जरूर जा. त्या एका जबाबावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

महिनाभरात काहीच कळलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत 30 दिवस. आणि खातं हललंच नाही तर कलम 55 नागरिकाला थेट न्यायालयाचा रस्ता देतं: गुन्ह्याची आणि तक्रार करण्याच्या इराद्याची किमान 60 दिवसांची नोटीस सरकारला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला द्यायची, नंतर दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. हा हक्क फार थोडे वापरतात.

शिक्षा

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. कैद आणि दंड, दोन्ही. इतर बहुतेक उल्लंघनांना 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "पैसे भरून मिटवू" ही समजूत गरुडाच्या बाबतीत चुकीची आहे, कारण किमान कैद सांगितलेल्या गुन्ह्यात तडजोड करता येत नाही. ताब्यात वस्तू सापडली तर ती कायदेशीर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आरोपीवर येते.

आणि "विष कुत्र्यांसाठी ठेवलं होतं" असं म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं: जनावराला मारणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये 5 वर्षांपर्यंत कैद आहे. विषारी मांस टाकलं की ते कुत्रं खाणार, कुत्र्यावर गिधाड बसणार, गरुड बसणार. कोण खाईल हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

माहिती देणाऱ्यासाठीही कायद्यात तरतूद आहे. वसूल दंडाच्या 50 टक्क्यांपर्यंत बक्षीस न्यायालय देऊ शकतं, मुख्य वन्यजीव रक्षकांमार्फत 10 हजारांपर्यंत.

बागेतला तो सापमार गरुड वन विभागाची गाडी येईपर्यंत खोक्यात होता. पंचनाम्यात बागमालकांनी साक्षीदार म्हणून सही केली. पुढच्या हंगामात त्यांनी जाळीच्या कडा सैल लोंबू न देता तारेला ताणून बांधल्या, आणि रोज सकाळी गडी जाळीखालून एक फेरी मारतो.