ग्योंगजूची मोकळी जागा : एका दिवसाच्या पायी फेरीमागचा इतिहास

दक्षिण कोरियाच्या आग्नेय भागातील ग्योंगजू शहराचा नकाशा पायी फेरी आखण्यासाठी उघडला, की पहिल्यांदा नजरेत भरते ती शहराच्या ऐन मध्यभागी पसरलेली मोठी हिरवी मोकळी जागा. एखाद्या जुन्या राजधानीचा गाभा म्हणजे दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि त्यांत दडलेली देवळे असे चित्र आपल्या मनात असते. येथे मात्र गवताने झाकलेली टेकाडे, एक दगडी मनोरा, झाडीची एक राई, एक तळे आणि ओळीने मांडलेले पायाचे दगड एवढेच दिसते. हे सारे एकमेकांपासून इतके जवळ आहे की पाच-सहा किलोमीटरच्या चालण्यात सिल्ला राज्याच्या राजधानीचा बहुतेक सारा गाभा पाहून होतो. ही ठिकाणे इतकी जवळ का आणि त्यांच्यामध्ये इतकी मोकळीक का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे इतिहासाच्या दोन वेगळ्या टोकांना सापडतात.

जवळ असण्याचे कारण असे, की सिल्लाची राजधानी कधी हललीच नाही. शेजारच्या गोगुर्यो राज्याने ४२७ साली आपली राजधानी प्योंगयांगला नेली; बेक्जेला ४७५ मध्ये हान नदीचे खोरे सोडून दक्षिणेकडे उंग्जिन येथे आणि पुढे ५३८ मध्ये साबी येथे जावे लागले. सिल्लाची परंपरा मात्र इ.स.पू. ५७ मध्ये पाक ह्योक्कोसेपासून सुरू होते आणि इ.स. ९३५ मध्ये छप्पन्नाव्या राजाच्या शरणागतीने संपते, आणि या साऱ्या काळात राजगादी डोंगरांनी वेढलेल्या याच खोलगट खोऱ्यात राहिली. स्थापनेचे वर्ष अर्थातच दंतकथेच्या प्रदेशातले आहे. आज हाती असलेला सर्वांत जुना कोरियन इतिहासग्रंथ, ‘सामगुक सागी’, ११४५ साली, म्हणजे त्या घटनेनंतर बाराशे वर्षांनी पूर्ण झाला. सिल्लाने ६६० मध्ये बेक्जेचा आणि ६६८ मध्ये गोगुर्योचा पाडाव तांग चीनच्या मदतीने केला आणि ६७६ पर्यंत तांग सैन्यालाही द्वीपकल्पातून मागे रेटले, तेव्हा देशाच्या एका कोपऱ्यातली ही राजधानी गैरसोयीची ठरू लागली. सिनमुन राजाने ६८९ मध्ये ती दाल्गुबोल, म्हणजे आजच्या देगू येथे, हलवण्याचे ठरवले होते. तो बेत तडीस गेला नाही. त्यामागे जुन्या सरदार घराण्यांचा विरोध असावा असे अभ्यासक मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण त्यांचे वाडे, थडगी आणि कुलदेवता सारे याच मातीत होते. परिणाम असा झाला की प्रत्येक पिढीने आपले बांधकाम आधीच्या पिढीच्या शेजारी, किंवा त्याच्यावरच, केले.

या साऱ्याचा मध्य म्हणजे वोल्सोंग, अर्धचंद्राच्या आकाराच्या टेकडीवरील राजवाड्याची गढी. ग्रंथांतली परंपरा ती इ.स. १०१ मध्ये बांधली असे सांगते. उत्खननातून मिळालेले पुरावे तटाचे काम चौथ्या शतकाकडे नेतात. तटाच्या पायाखाली २०१७ साली दोन मानवी सांगाडे सापडले आणि पुढे त्यांच्याजवळच एका स्त्रीचाही सांगाडा मिळाला. बांधकाम टिकावे म्हणून माणूस बळी देण्याची कोरियातील लोककथा केवळ कथा नव्हती, हे त्यामुळे कळून चुकले. आज गढीवर राजवाड्याचे काहीही उभे नाही. तेथे दिसणारे बर्फ साठवण्याचे दगडी कोठार सिल्लानंतर कित्येक शतकांनी आलेल्या जोसोन राजवटीतले, अठराव्या शतकातले आहे आणि सिल्लाशी त्याचा काही संबंध नाही. घाईने फिरणारे लोक ते राजवाड्याचा अवशेष समजून छायाचित्र काढून जातात. गढीच्या पायथ्याशी ग्येरिम नावाची राई आहे. पांढरा कोंबडा आरवला म्हणून शोध घेतला असता झाडाला टांगलेल्या सोन्याच्या पेटीत किम घराण्याचा मूळपुरुष बालरूपात सापडला, अशी तिची कथा आहे. पाक, सोक आणि किम या तीन घराण्यांनी आळीपाळीने राज्य केले. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून गादी किम घराण्याकडे स्थिरावली, आणि ग्योंगजूच्या प्रचंड थडग्यांचा काळही तेथूनच सुरू होतो.

ही थडगी शहराच्या मधोमध, राजवाड्याच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांची रचना समजून घेतली तर पुढचा बराच इतिहास उलगडतो. आधी लाकडी कोठडी उभारून तिच्यात शव आणि वस्तू ठेवत, तिच्याभोवती व वर माणसाच्या डोक्याएवढ्या गोट्यांचा ढीग रचत आणि त्या ढिगावर चिकणमाती व माती चढवून टेकाड करीत. कालांतराने लाकूड कुजून कोसळे आणि टनावारी दगड आत बसत. येथे आत शिरण्याचा मार्ग मुळात ठेवलेलाच नव्हता, त्यामुळे चोरांना वरून खणत गेल्यास दगड अंगावर येण्याची धास्ती असे. बेक्जे आणि गोगुर्यो यांच्या दार असलेल्या दगडी दालनांची थडगी शतकानुशतके लुटली गेली. सिल्लाचे सोने मात्र जागेवर राहिले.

ते वर आले ते अपघाताने. जपानी अमलाखाली, १९२१ साली, एका खाणावळीच्या घराची वाढ करण्यासाठी मागची जमीन खणताना सोन्याचा मुकुट हाती लागला आणि त्या थडग्याला गुमग्वानचोंग, म्हणजे सुवर्णमुकुटाचे थडगे, असे नाव पडले. त्यापूर्वी ही टेकाडे नैसर्गिक आहेत असे समजून लोकांनी त्यांच्या कडेने घरे बांधली होती आणि काहींची मातीही उचलून नेली होती. १९२६ साली दुसरे एक थडगे खणले जात असताना स्वीडनचे युवराज, पुढे राजे झालेले गुस्ताफ आडोल्फ, स्वतः हजर होते. स्वीडनच्या चिनी लिपीतील नावाचे पहिले अक्षर आणि मुकुटावरील फिनिक्स पक्षी यांवरून त्याचे नाव सोबोंगचोंग ठेवण्यात आले. कोरियन राजघराण्यातील थडग्याला युरोपातल्या देशाचे नाव चिकटावे, ही त्या काळाची एक बोलकी खूण आहे. स्वातंत्र्यानंतर कोरियन संशोधकांनी केलेले पहिले उत्खनन १९४६ चे, आणि त्यात मिळालेल्या काशाच्या वाडग्यावर गोगुर्योच्या ग्वांगेतो राजाचे नाव होते. बलाढ्य शेजाऱ्याच्या छायेत सिल्ला एके काळी कशी वावरत होती, याचा तो पुरावा ठरला.

आजच्या फेरीत ज्या एकाच थडग्याच्या आत जाता येते, ते छोनमाचोंग, १९७३ साली खणले गेले ते खरे तर सराव म्हणून. ह्वांगनाम-देचोंग हे शेजारचे जोडटेकाड, लांबी सुमारे १२० मीटर आणि उंची २० मीटरहून अधिक, खणण्याची सरकारची इच्छा होती. एवढ्या मोठ्या कामाचा अनुभव नसल्याने संशोधकांनी आधी लहान थडगे हाती घेतले. त्या सरावातच सोन्याचा मुकुट, साडेअकरा हजारांवर वस्तू आणि भूर्जाच्या सालीवर रंगवलेला उडता पांढरा घोडा मिळाला. मोठ्या टेकाडातही मुकुट निघाला, पण तो उत्तरेकडील, स्त्रीच्या थडग्यात. दक्षिणेकडील पुरुषाचा मुकुट सोन्याचा नव्हता, सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाचा होता. याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद चालतो. त्याच थडग्यातली भूमध्य समुद्राकडून आलेली काचपात्रे सिल्लाचा व्यापार कोठवर पोचत होता हे सांगतात.

सहाव्या शतकात हे सारे बदलले. ५२७ मध्ये, इचादोन या दरबाऱ्याच्या बलिदानाच्या कथेसह, राजाने बौद्ध धर्माला मान्यता दिली आणि थोड्याच काळात राजांची थडगी शहरातून निघून भोवतालच्या डोंगरांच्या पायथ्याशी गेली, आकारानेही लहान झाली. जी संपत्ती जमिनीत पुरली जात होती, ती आता विहारांच्या रूपाने जमिनीच्या वर चढू लागली. त्यांतला सर्वांत मोठा विहार म्हणजे ५५३ मध्ये सुरू झालेला ह्वांगन्योंगसा. तेराव्या शतकातील ‘सामगुक युसा’ या ग्रंथात त्याच्या भव्य बुद्धमूर्तीविषयी एक कथा आहे, आणि ती भारतीय वाचकाला थांबवते: अशोक राजाने शाक्यमुनींची मूर्ती ओतण्याचा प्रयत्न केला, ती साधली नाही, म्हणून त्याने लोखंड आणि सोने जहाजात घालून योग्य देशाच्या शोधात पाठवून दिले, ते सिल्लाच्या किनाऱ्याला लागले आणि ५७४ मध्ये तेथे मूर्ती घडली. अशोक त्याआधी आठशे वर्षे होऊन गेला होता, हे कथाकारालाही ठाऊक असावे. कथेचा रोख वेगळा होता. बुद्धाच्या देशाला जे जमले नाही ते येथे जमले, असे सांगणारे ते राज्य होते. मूर्ती गेली, तिच्या बैठकीचे प्रचंड दगड मात्र अजून जागेवर आहेत.

याच विहारात ६४५ साली सोंदोक राणीने नऊ मजली लाकडी मनोरा उभारला. ती सिल्लाची पहिली स्त्री राज्यकर्ती, आणि तिच्या १५ वर्षांच्या कारकिर्दीने या फेरीतील तीन थांबे दिले आहेत: हा मनोरा, ६३४ मध्ये पूर्ण झालेला शेजारचा बुन्ह्वांगसा विहार, आणि चोमसोंगदे ही वेधशाळा. बेक्जेचे हल्ले चालू असताना नऊ मजल्यांनी नऊ शत्रूंना नमवावे असा संकल्प करून तिने कारागीर बोलावला तो बेक्जेतूनच, त्याचे नाव आबिजी. नोंदींवरून मनोऱ्याची उंची सुमारे ८० मीटर होती. सुमारे ९ मीटरच्या चोमसोंगदेकडे पाहून ‘एवढेच?’ असे वाटणाऱ्या पर्यटकाने हे लक्षात ठेवावे, की त्या काळी शहराच्या आकाशात उठून दिसत होता तो लाकडी मनोरा, दगडी नव्हे. चोमसोंगदेच्या गोलाकार भागात दगडांचे २७ थर आहेत आणि सोंदोक ही सत्ताविसावी राज्यकर्ती होती. हा हेतू की योगायोग, आणि तेथून प्रत्यक्ष आकाश पाहत की ती पूजेची वास्तू होती, यावर एकमत नाही.

आठव्या-नवव्या शतकांत शहर खोऱ्याच्या कडांपर्यंत पसरले. चौकोनी पेठांची आखणी होती. ‘सामगुक युसा’ ऐन भरातल्या शहराची घरे १,७८,९३६ असल्याचे सांगतो. तो आकडा कुटुंबांचा नसून माणसांचा असावा असा अनेकांचा तर्क आहे. मला त्याहून बोलकी वाटते ती ८८० सालची नोंद: हॉनगांग राजाने उंचावरून शहर पाहिले, तेव्हा घरे एकमेकांना लागून होती आणि गाणीबजावणी अखंड ऐकू येत होती. राजाने दरबाऱ्यांना विचारले, की लोक आता गवताऐवजी कौले घालतात आणि लाकडाऐवजी लोणारी कोळशावर शिजवतात हे खरे का? समृद्धीचे हे वर्णन करणाऱ्या राज्याचे ग्रामीण भाग दहा वर्षांच्या आत बंडांनी पेटले. ९२७ मध्ये ग्योन ह्वोन या बंडखोर सत्ताधीशाने राजधानीवर धाड घातली आणि राजाचा अंत झाला. ९३१ मध्ये शेवटच्या ग्योंगसुन राजाने गोर्यो या नव्या राज्याचा संस्थापक वांग गॉन याला तळ्याकाठच्या महालात मेजवानी दिली, आणि ९३५ मध्ये राज्यच त्याच्या हवाली केले. ‘ग्योंगजू’ हे नाव त्या शरणागतीनंतरचे आहे. नाव मिळाले आणि राजधानीपण गेले.

आता दुसऱ्या प्रश्नाचे, मोकळ्या जागेचे, उत्तर. लाकडी शहर टिकण्यासाठी त्याची सतत डागडुजी करणारी सत्ता हवी, आणि ती निघून गेली होती. उरलेले मंगोल स्वारीत गेले. नऊ मजली मनोरा १२३८ मध्ये जळाला. जोसोन काळात हे उत्तरेकडच्या तटबंदीत मावणारे जिल्ह्याचे गाव होते, विहारांच्या जागी भातशेती होती आणि राजमहालाच्या तळ्याला, तेथे उतरणाऱ्या पाणपक्ष्यांवरून, आनाप्जी असे नाव पडले होते. जपानी अमलात लोहमार्ग त्या तळ्याजवळून नेण्यात आला. परंतु आजची हिरवळ ही केवळ ऱ्हासाची देणगी नाही. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष पाक चुंग-ही यांच्या सरकारने ग्योंगजूच्या विकासाची सर्वंकष योजना आखली. सिल्लाचे एकीकरण हे राष्ट्राचे प्रेरणास्थान ठरवले गेले, आणि टेकाडांमधली व विहाराच्या जोत्यावरची घरे उठवण्यात आली. पर्यटक ज्या शांततेचे कौतुक करतात ती अशी, अनेक कुटुंबांना हलवून, तयार केलेली आहे. जुने रेल्वे स्थानक २०२१ च्या अखेरीस बंद झाल्यापासून गाडीने येणारा प्रवासी गाभ्यापासून बराच दूर उतरतो आणि बसने आत येतो, हेही वेळ आखताना धरावे लागते.

पुन्हा उभारलेल्या वास्तूंबद्दल थोडे सावध राहिलेले बरे. २०१८ मध्ये पूर्ण झालेला वोल्जोंग्यो पूल ७६० सालच्या पुलाच्या पायांवर उभा आहे, पण वरचे छत मूळचे कसे होते हे सांगणारे चित्र उपलब्ध नाही. तो देखणा आहे, प्राचीन नाही. नऊ मजली मनोराही पुन्हा बांधावा अशी मागणी वारंवार होते. त्याच्या जोत्यावरील ६४ पायाचे दगड मोजत उभे राहिल्यावर त्याची भव्यता जितकी कळते, तितकी ती नव्या लाकडाने कळेल असे मला वाटत नाही.

हा इतिहास मनात ठेवला तर फेरीचा क्रम आपोआप ठरतो: सकाळी पश्चिमेकडील थडगी, मग चोमसोंगदे, ग्येरिम, पूल आणि वोल्सोंग, दुपारी उन्हातून सुटका म्हणून संग्रहालय, जेथे मुकुटांबरोबर ७७१ सालची सोंगदोक राजाची सुमारे १९ टनांची घंटा आहे, त्यानंतर ह्वांगन्योंगसा आणि बुन्ह्वांगसा. बुल्गुक्सा विहार, सोकुराम लेणे आणि नामसान डोंगर यांना वेगळा दिवस द्यावा, कारण ते पायी फेरीच्या टप्प्यात येत नाहीत. तळे शेवटी, अंधार पडल्यावर. मुन्मु राजाने ६७४ मध्ये खोदवलेल्या या तळ्याला २०११ पासून वोल्जी हे जुने नाव परत मिळाले आहे, आणि दिव्यांत उजळणारे काठावरचे तीन मंडप १९८० मधले आहेत. १९७५-७६ मध्ये तळ्याचा गाळ उपसताना तीस हजारांवर वस्तू मिळाल्या. त्यांत मेजवानीत टाकायचा चौदा पैलूंचा लाकडी फासा होता. ‘एका दमात तीन पेले’, ‘संगीताशिवाय नाच’ असे हुकूम त्याच्या बाजूंवर कोरलेले होते. हजारांहून अधिक वर्षे चिखलात टिकलेला तो फासा जतनासाठी वाळवताना जळून गेला. आज दिसते ती त्याची प्रतिकृती.