पोटात आलेला गोळा

सोमवारी सकाळी, रिक्षाचा हॉर्न वाजायच्या पाच मिनिटं आधी, माझी आठ वर्षांची भाची पोट धरून बसते. रविवारी दुखत नाही, मे महिन्यात तर अजिबात नाही. घरचा निकाल ठरलेला: "नाटकं आहेत." एकदा मी सहज तिचा हात हातात घेतला. तळवा ओला आणि गार, नाडी सुसाट. एवढं नाटक कसलेल्या नटालाही जमायचं नाही.

भीती वाटली की रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, आतड्यांची चाल बिघडते, तळहाताच्या घामग्रंथी कामाला लागतात. पोटात गोळा येणं, हातपाय गार पडणं, घशाला कोरड पडणं हे सगळं मराठीने कधीच टिपून ठेवलंय. आपणच ते फक्त बोलण्यापुरतं आहे असं समजतो. हे झालं पहिल्या काही सेकंदांतलं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सावकाश चढतं आणि साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठतं. म्हणजे तोवर रिक्षा शाळेत पोचलेली असते.

हृदयाला ब्रेकही आहे. मोठ्या माणसाचं हृदय मोकळं सोडलं, तर मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. बसल्या जागी ते ७० वर राहतं ते व्हेगस या मज्जातंतूमुळे. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या: आत घेताना नाडी किंचित पळते, सोडताना रेंगाळते. लहान मुलांत हा फरक बऱ्याचदा बोटालाही जाणवतो. ब्रेक किती लवचिक आहे हे संशोधक याच चढउतारावरून जोखतात.

पण लहान मुलाला हा ब्रेक एकट्याने नीट वापरता येत नाही, त्याला मोठ्या माणसाची मदत लागते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगात आई बाळाशी खेळता खेळता दोनेक मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, शेवटी तोंड फिरवतं. तेवढ्यातही त्याचे ठोके वाढतात.

मग मोठ्या माणसाची अशी साथ वर्षानुवर्षं मिळालीच नाही तर? याचं उत्तर रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये मिळालं. अनाथालयांतल्या १३६ तान्ह्या-रांगत्या मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक कुटुंबांत पाठवलं गेलं. मुलं बारा वर्षांच्या आसपास पोचल्यावर त्यांना शिक्षकांसमोर भाषण करायला लावलं, मध्येच बिघडणारा खेळ दिला. संस्थेत राहिलेल्यांचं शरीर जणू हललंच नाही. कॉर्टिसॉल आणि हृदयाचा प्रतिसाद दोन्ही मंद. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांच्या शरीराचा प्रतिसाद मात्र आपल्या आईबापांकडे वाढलेल्या मुलांसारखा चढला. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मला यातली ती शांतता अस्वस्थ करते. "किती गुणी, अजिबात त्रास देत नाही" असं आपण कौतुकाने म्हणतो, पण शरीराचा प्रतिसाद न चढणं म्हणजे मन स्वस्थ असणं नव्हे. बसल्या जागी नाडी फार संथ असणं आणि आक्रमक, बेफिकीर वागणं यांचं नातं अनेक अभ्यासांत दिसलंय. नातं पुसटच आहे. नाडी मोजून कुणाच्या कपाळी शिक्का मारू नये. उलट बाजूला भित्र्या, बुजऱ्या मुलांत ठोके लवकर चढलेले आणि तसेच टिकलेले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांना आढळले. अशा मुलांत पुढे चिंतेचे विकार अधिक दिसतात, सगळ्यांत नाही. चढणं, आणि प्रसंग सरला की उतरणं, दोन्ही जमावं लागतं.

भाचीला "नाटक" म्हणणं आम्ही थांबवलं. रिक्षा येईपर्यंत आजी तिचा हात धरून पायरीवर बसते. तिथेच एकदा कारण कळलं: सोमवारी पहिल्या तासाला वर्गासमोर उभं राहून पाढे म्हणायचे असतात, आणि गाडी एकोणीसवर अडली आहे. तो आजीलाही येत नाही.