रेड डॉट साइट : पराशय व झिरोइंग

रायफलीवर बसवायचे हे नेमसाधन. यातून पाहताना लक्ष्यावर लाल ठिपका दिसतो. माशी (नळीच्या टोकाची नेमखूण) आणि खाच (तिच्यामागची) जुळवत बसावे लागत नाही. लेसरप्रमाणे ठिपका लक्ष्यावर पडत मात्र नाही. किंचित तिरक्या बसवलेल्या वक्र काचेच्या नाभीपाशी लहानसा लाल एलईडी असतो. काचेवरील पातळ लेप लाल प्रकाश परावर्तित करतो आणि उरलेला आरपार सोडतो (समोरचे दृश्य निळसर दिसते ते यामुळे). परावर्तित किरण जवळजवळ समांतर होऊन डोळ्यात शिरतात.

साधनाचा उगम अनेकदा स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीकडे, 1975 च्या सुमारास, नेला जातो. मूळ तत्त्व मात्र त्याहून बरेच जुने आहे. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी परावर्तक नेमसाधनाचे पेटंट 1900 मध्ये घेतले होते, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन लढाऊ विमानांवर अशी साधने बसवली गेली. तेव्हा आद्यत्व ग्रब यांना देणे अधिक सयुक्तिक. एलईडी व बॅटरीची जोड स्वीडिश.

डोळा भिंगाच्या मध्यापासून सरकला की ठिपकाही सरकल्यासारखा दिसतो, हा पराशय. ‘पराशयमुक्त’ हा जाहिरातींतील दावा सैल आहे. किरण पूर्ण समांतर असतील, तर डोळा 8 मिमी. उजवीकडे गेल्यास गोळी 8 मिमी. डावीकडे लागते, मग लक्ष्य 25 मी. वर असो वा 100 मी. वर. ठिपक्याची प्रतिमा ठरावीक अंतरावर बांधलेली असल्यास त्या अंतरावर दोष शून्य होतो व त्यापलीकडे दिशा उलटते. प्रत्यक्षात तिरक्या काचेचे विपथनही (किरण नेमके न जुळण्याचा दोष) यात मिसळते आणि भिंगाच्या कडेपाशी ते अधिक जाणवते. म्हणून झिरोइंग करताना ठिपका मध्यभागी ठेवतात.

झिरोइंग म्हणजे ठराविक अंतरावर ठिपका आणि गोळीचा आघातबिंदू जुळवणे. तीन ते पाच गोळ्यांच्या गटाचा मध्य पाहून उंचीचा व बाजूचा स्क्रू फिरवतात. एक कोनीय मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे 100 मी. वर सुमारे 29 मिमी. अर्ध्या मिनिटाचा क्लिक (स्क्रू फिरवण्याचा एक टप्पा) असेल, तर तेथे आघातबिंदू सुमारे 14.5 मिमी. सरकतो, 25 मी. वर तेवढ्यासाठी चार क्लिक लागतात.

ठिपका नळीच्या अक्षापेक्षा वर असल्याने जवळच्या अंतरावर गोळी खाली लागते. ही उंची 66 मिमी. व झिरो 50 मी. चा धरल्यास वेगवान गोळी 10 मी. वर सुमारे 5 सेंमी. खाली जाते. हा फरक पराशयाचा नव्हे. डोळा कितीही मध्यावर ठेवला तरी तो राहतोच.